एका नाट्यगृहातल्या ५४० खुर्च्यांची पारख: कुठून दिसते, कुठून ऐकू येते, कुठे बसवते

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या नाट्यगृहाचे आहे. ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

मंचाची चौकट ९ मीटर रुंद. मंच प्रेक्षागृहाच्या जमिनीपासून १ मीटर उंच आणि चौकटीच्या पुढे दीड मीटर बाहेर आलेला. खाली १८ रांगा, प्रत्येक रांगेत २२ खुर्च्या: मधल्या गटात १२, बाजूच्या दोन गटांत पाच-पाच, मध्ये दोन पॅसेज. वर बाल्कनीत ६ रांगा, रांगेला २४ खुर्च्या. एकूण ५४०. पहिल्या आठ रांगा उतरत्या जमिनीवर आहेत आणि दर रांगेमागे जमीन फक्त ५ सेंमी चढते. नवव्या रांगेपासून पायऱ्या सुरू होतात, प्रत्येकी १५ सेंमीच्या. पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाचा डोळा मंचाच्या कडेपासून ३ मीटरवर येतो आणि दोन रांगांमध्ये ९० सेंमी अंतर आहे. बाल्कनीचा पुढचा ओठ बरोबर तेराव्या रांगेच्या वर येतो.

तिकिटांचे तीन वर्ग होते. पहिल्या सहा रांगा सर्वांत महाग, पुढच्या सहा मध्यम, उरलेल्या सहा आणि पूर्ण बाल्कनी स्वस्त. म्हणजे मंचापासूनचे अंतर एवढाच निकष. तो लावणे सोपे, समजावणेही सोपे, म्हणून वर्षानुवर्षे कोणी त्याला हात लावला नव्हता.

अडचण कशी पुढे आली

तक्रारी आधीपासून होत्याच, पण सुट्या सुट्या. एका कर्मचाऱ्याने मध्यंतरात जागा बदलून मागणाऱ्यांचे खुर्ची क्रमांक वहीत लिहायला सुरुवात केली आणि काही महिन्यांत ते क्रमांक ठरावीक ठिकाणी गोळा झालेले दिसले. रांग ४ ते ८ चा मधला गट, म्हणजे सहा महाग रांगांपैकी तीन याच पट्ट्यातल्या. बाल्कनीची पहिली आणि दुसरी रांग. बाल्कनीखालच्या शेवटच्या चार रांगा. पहिल्या तीन रांगांच्या अगदी टोकाच्या खुर्च्या. शिवाय रांग ३ ते ५ मधून अधूनमधून एक वेगळी तक्रार यायची, की संवाद दोनदा ऐकू येतात.

ही वही हा या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा टप्पा. प्रेक्षकाला प्रयोग संपल्यावर ‘कसे वाटले’ असे विचारले तर तो नाटकाबद्दल बोलतो. मध्यंतरात उठून ‘दुसरी जागा मिळेल का’ असे विचारतो तेव्हा तो खुर्चीबद्दल बोलत असतो.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय होता स्वस्त उपाय: तक्रारीच्या रांगांचे दर उतरवायचे आणि विषय संपवायचा. यावर आक्षेप असा होता की कारण कळल्याशिवाय दर उतरवले तर दुरुस्त होऊ शकणारी खुर्चीही कायमची वाईट ठरते.

दुसरा पर्याय प्रेक्षकांकडून प्रश्नावली भरून घेण्याचा. एका खुर्चीत एकदा बसलेल्या माणसाला तुलना करायला काहीच नसते, म्हणून तो बाजूला ठेवला. तिसरा पर्याय मूळ नकाशावरून दृष्टिरेषा मोजण्याचा. हे करायलाच हवे होते, पण नकाशात नंतर बसवलेल्या वस्तू नसतात आणि आवाज तर नसतोच. चौथा पर्याय पहिल्या आठ रांगांची जमीन फोडून नव्याने चढ देण्याचा. तो मुळावर घाव घालणारा होता, पण त्यासाठी नाट्यगृह कित्येक महिने बंद ठेवावे लागले असते आणि बाजूच्या बाहेर पडण्याच्या दारांची पातळीही बदलली असती. तो पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखून ठेवला.

निर्णय झाला तो असा: नकाशावरून गणित करायचे, मग प्रत्यक्ष बसून पाहायचे, आणि दोन्हींत जिथे फरक पडेल तिथे कारण शोधायचे.

नमुना कसा निवडला

प्रेक्षागृह मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखे असल्याने अर्धा भाग तपासला तरी चालणार होते. दहा रांगा निवडल्या आणि प्रत्येक रांगेत चार जागा: मधोमध, मधल्या गटाचे टोक, बाजूच्या गटाची सुरुवात आणि भिंतीकडचे टोक. या ४० खुर्च्यांत वहीतल्या सहा संशयित खुर्च्यांची भर घातली. पाहणारे चार जण होते, उंची १५० ते १८२ सेंमी. बुटका माणूस आणि उंच माणूस एकाच खुर्चीला वेगळे गुण देतात, आणि उंच माणसाने ‘छान दिसते’ म्हणून पास केलेल्या खुर्चीत निम्मे प्रेक्षक मान उंचावून बसतात.

समोरच्या तीन रांगांत माणसे बसवल्याशिवाय एकही निरीक्षण घ्यायचे नाही, हा नियम सुरुवातीलाच केला. रिकाम्या नाट्यगृहात बहुतेक खुर्च्यांतून मंच पूर्ण दिसतो. आवाजाचेही तसेच आहे. वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहातला घुमारा, म्हणजे आवाज थांबल्यावरही रेंगाळणारा नाद, मोजायला घेतला तेव्हा जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून, त्या कमी-जास्त करत, त्यांनी शोषणाचा हिशेब बसवला होता. माणूस आणि त्याचे कपडे गादीसारखाच आवाज शोषतात. या नाट्यगृहात रिकामे असताना घुमारा १.३ सेकंद भरला, माणसे बसल्यावर एका सेकंदाच्या किंचित खाली आला. नाटकासाठी ०.७ ते १ सेकंद योग्य मानतात, म्हणजे एकूण खोलीत दोष नव्हता. दोष ठिकठिकाणचे होते.

गुण द्यायची पद्धत

दृष्टी, आवाज आणि बैठक या तीन बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण. सुरुवातीच्या तक्त्यात तिन्हींची सरासरी काढली होती. पहिल्याच दिवशी ती फसवी निघाली. शेवटच्या रांगेतल्या मधल्या खुर्चीला दृष्टीचे ३, आवाजाचा १ आणि बैठकीचे ४ गुण पडले. बाल्कनीच्या पहिल्या रांगेला दृष्टीचा १, आवाजाचे ४ आणि बैठकीचे ३. दोन्हींची सरासरी २.७, म्हणजे तक्त्यावर ‘बऱ्यापैकी’. प्रत्यक्षात एका खुर्चीतून शब्द कळत नव्हते आणि दुसरीतून नट अर्धाच दिसत होता.

त्यामुळे सरासरी सोडून दिली आणि तिन्हींतला सर्वांत कमी गुण हाच खुर्चीचा गुण धरला. या एका बदलाने सगळ्या नकाशाचे रंग बदलले. मऊ गादी ही न ऐकू येणाऱ्या संवादाची भरपाई होऊ शकत नाही, आणि सरासरी नेमके तेच गृहीत धरते.

प्रयोगाच्या प्रकारानुसार दोन तक्तेही केले. नृत्याला मंचाची जमीन दिसणे अत्यावश्यक, म्हणून तिथे दृष्टीरेषेचा बिंदू, म्हणजे जिथपर्यंत नजर पोचायला हवी ती जागा, मंचाच्या कडेवर, जमिनीच्या पातळीवर धरला. संवादप्रधान नाटकाला तो ६० सेंमी उंचीवर धरला, कारण जमिनीवर बसलेल्या नटाचा चेहरा साधारण त्याच्या थोडा वर येतो.

रांग ४ ते ८: महाग आणि आंधळ्या

दृष्टिरेषेचे गणित अवघड नाही. आपल्या डोळ्यापासून मंचावरच्या बिंदूपर्यंत सरळ रेषा ओढायची. ती रेषा समोरच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्याच्या किती वरून जाते ते मोजायचे. डोळ्यापासून डोक्याच्या माथ्यापर्यंत साधारण १२० मिमी असतात. रेषा तेवढी वरून गेली तर समोरच्याचे डोके आड येत नाही. किमान ६० मिमी हवेत, म्हणजे निदान दोन रांगा पुढच्या डोक्यांवरून दिसते आणि लगेचच्या दोन डोक्यांमधून वाट काढता येते.

बसलेल्याचा डोळा जमिनीपासून ११२ सेंमीवर धरला. सातव्या रांगेतला डोळा मंचाच्या पातळीपेक्षा ४२ सेंमी वर आणि कडेपासून ८.४ मीटरवर. सहाव्या रांगेतला डोळा ३७ सेंमी वर, ७.५ मीटरवर. मंचाच्या कडेपासून ओढलेली रेषा सहाव्या रांगेवरून जाताना ३७.५ सेंमीवर असते. म्हणजे मोकळी जागा ५ मिमी! रांग ४ ते ८ सगळीकडे हा आकडा ४ ते ७ मिमीच्या आत भरला. रांग ९ ते १२ मध्ये तोच ७५ ते ९५ मिमी होता.

त्यात खुर्च्या एकामागे एक सरळ रेषेत बसवलेल्या. नट उभे असेपर्यंत कमरेच्या वरचा भाग दिसायचा आणि कोणी फारसे काही बोलायचे नाही. नट जमिनीवर बसले की या पाच रांगांत एकदम हालचाल सुरू व्हायची. एकजण डावीकडे झुकला की त्याच्या मागचा उजवीकडे झुकतो. वहीतल्या तक्रारी कुठल्या प्रयोगांच्या रात्री आल्या ते पाहिले तर बहुतेक प्रयोगांत बसून चालणारे प्रवेश होते.

उपाय ठरवताना दोन गोष्टी तपासल्या. एक, नेपथ्यात बैठकीचा भाग ४० सेंमी उंच चौथऱ्यावर घेतला तर काय होते? मंचाच्या कडेलगत बसलेल्या नटाचा चेहरा ७० सेंमीऐवजी ११० सेंमीवर जातो आणि सातव्या रांगेतून मोकळी जागा ८० मिमीवरून १२३ मिमी होते. उपाय चोख आहे, पण तो दरवेळी बाहेरून येणाऱ्या नाट्यसंस्थेच्या हातात राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे मधल्या गटात एक रांग सोडून एक रांग अर्ध्या खुर्चीने सरकवणे. खुर्ची ५२ सेंमी रुंद, म्हणजे २६ सेंमीची सरकवणी. मग थेट समोर दोन डोक्यांमधली फट येते आणि आड येणारे डोके दोन रांगा पुढचे असते. ६० सेंमी उंचीच्या बिंदूसाठी सातव्या रांगेतली मोकळी जागा ६९ मिमीवरून १३९ मिमी होते. मंचाची जमीन तरीही दिसत नाही. दोन रांगा पुढच्या डोक्यावरूनही तिथे १० मिमीच मिळतात. म्हणजे नाटकाचा प्रश्न सुटतो, नृत्याचा सुटत नाही.

सरकवलेल्या रांगेत १२ खुर्च्या ठेवल्या असत्या तर शेवटची खुर्ची पॅसेजमध्ये २६ सेंमी घुसली असती. आणीबाणीत बाहेर पडायची वाट अरुंद करणे हा पर्यायच नाही. म्हणून रांग २, ४, ६ आणि ८ मध्ये ११ खुर्च्या ठेवल्या आणि दोन्ही टोकांना अर्ध्या खुर्चीची जागा मोकळी सोडली. चार खुर्च्या गेल्या. बोल्ट उखडण्याआधी दोन रांगांत सुट्या खुर्च्या मांडून, माणसे बसवून, नटाला जमिनीवर बसवून पाहिले. गणित पटलेले असले तरी ही चाचणी टाळू नये, कारण खुर्चीच्या पाठीचा कल सगळीकडे सारखा नसतो आणि त्याने डोक्याची जागा बदलते.

बाल्कनीचा कठडा

बाल्कनीच्या दुसऱ्या रांगेच्या तक्रारी गणितात बसत नव्हत्या. नकाशावर ती रांग उत्तम होती. प्रत्यक्ष बसल्यावर कारण कळले: पहिल्या रांगेतली माणसे प्रयोगभर पुढे वाकून, हनुवटी कठड्याशी आणून बसत होती. वाकलेल्या माणसाचे डोके पुढे सरकते आणि दुसऱ्या रांगेतून पाहणाऱ्याला मंचाचा पुढचा साधारण ४ मीटर भाग त्या डोक्याआड जातो. तक्रार दुसऱ्या रांगेची, दोष पहिलीचा.

आणि पहिली रांग का वाकत होती? मूळ कठडा ८० सेंमीचा होता. सुरक्षेसाठी नंतर त्यावर एक आडवा पाइप जोडून तो १ मीटर केला होता. पाइपचा व्यास ५० मिमी, डोळ्यापासून अंतर ७० सेंमी. एवढ्या जवळची ५० मिमीची आडवी पट्टी १४.५ मीटरवरच्या मंचाच्या कडेशी तब्बल १ मीटर उंचीचा पट्टा झाकते. कडेशी उभ्या नटाचा जमिनीपासून अर्धा मीटर ते दीड मीटर हा भाग गायब. नट ४ मीटर मागे गेला की हाच पाइप त्याचे पाय मांड्यांपर्यंत खातो.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. उभा खांब तेवढ्याच जाडीचा असता तर इतका त्रास झाला नसता. दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंमी अंतर असते, त्यामुळे उभ्या बारीक खांबाआडचे जे एका डोळ्याला दिसत नाही ते दुसऱ्याला दिसते. आडव्या पाइपआडचे मात्र दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसत नाही. म्हणून बाल्कनीचे कठडे तपासताना आडव्या दांड्यांकडे आधी पाहावे.

कठडा खाली आणण्याचा प्रश्नच नव्हता. पहिल्या रांगेची जमीन उचलली तर कठडा तेवढाच बुटका होतो, म्हणून तेही बाद. जाड काचेचा विचार झाला. पॅसेजचे दिवे तिच्यात परावर्तित होतील आणि रोज पुसावी लागेल म्हणून सोडून दिला. शेवटी पाइपच्या जागी ५० मिमी रुंद, १० मिमी जाड पोलादी पट्टी बसवली, उंची तीच ठेवून. पट्टी अगदी सपाट आडवी बसवली असती तर वरून बघताना तिची सुमारे २० मिमी जाडी दिसली असती. म्हणून ती प्रेक्षकाच्या नजरेच्या उताराला समांतर, १२ अंशांनी पुढे झुकवून बसवली आणि न चकाकणारा काळा रंग दिला. झाकला जाणारा पट्टा १ मीटरवरून सुमारे २० सेंमीवर आला. रेटा बाहेरच्या दिशेने येतो आणि त्या दिशेला पट्टीची ५० मिमी रुंदी उभी ठाकते. खालच्या दिशेला ती कमकुवत असते, म्हणून आधाराचे खांब जवळ घ्यावे लागले आणि बांधकाम अभियंत्याकडून भाराची तपासणी करून घेतली. ती तपासणी न करता असा बदल कोणी करू नये.

बाल्कनीखालचा आवाज

रांग १५ ते १८ मधली तक्रार ‘आवाज कमी’ अशी नव्हती. ‘आवाज येतो पण शब्द कळत नाहीत’ अशी होती. ध्वनिमापकावर पाचव्या रांगेत ७२ डेसिबल भरले, सतराव्या रांगेत ६६. एवढ्यावर थांबले असते तर आवाज थोडा वाढवा असाच निष्कर्ष निघाला असता, आणि तसा तो आधी दोनदा वाढवलाही गेला होता, पुढच्या रांगांचे कान किटेपर्यंत.

दोन गोष्टी आणखी केल्या. आवाज वारंवारितेच्या पट्ट्यांत मोजला. ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात दोन रांगांतला फरक १२ डेसिबल निघाला. आणि शब्दचाचणी घेतली: मंचावरून ५० सुटे शब्द वाचायचे, ऐकणाऱ्याने ऐकू आले तसे लिहायचे. वाक्ये वापरायची नाहीत, कारण वाक्यात माणूस अंदाजाने शब्द भरतो. साल आणि शाल, ताक आणि टाक, कडा आणि खडा अशा एकाच व्यंजनाने वेगळ्या होणाऱ्या शब्दांची यादी केली. व्यंजनांचा ठसा उंच स्वरांच्या पट्ट्यात असतो, त्यामुळे तो पट्टा गेला की नेमके हेच शब्द चुकतात. सतराव्या रांगेत ५० पैकी ३३ बरोबर आले, दहाव्यात ४८.

कारण खुर्चीत बसून वर पाहिल्यावर दिसले, किंवा नेमके सांगायचे तर दिसले नाही. मुख्य स्पीकर चौकटीच्या वर, मंचापासून साडेसहा मीटर उंचीवर आहेत. पंधराव्या रांगेच्या मागे बाल्कनीचा ओठ आड येतो आणि स्पीकर नजरेआड जातात. खर्जाचा आवाज कडेवरून वळून आत येतो. उंच स्वर वळत नाहीत. ओठाखाली उंची २.३ मीटर आणि आतली खोली ५.१ मीटर, म्हणजे खोली उंचीच्या दुपटीहून जास्त. नाटकाच्या बाल्कनीखाली दुप्पट ही सहन होण्याची मर्यादा धरतात. कुठल्याही नाट्यगृहात करता येईल अशी झटपट परीक्षा हीच: खुर्चीतून स्पीकर दिसतो का ते पाहा.

बाल्कनीखालच्या छतात चार लहान स्पीकर बसवायचे ठरले. त्यांना विलंब द्यावा लागतो. सोळाव्या रांगेतल्या कानापासून मुख्य स्पीकर १८.६ मीटरवर, लहान स्पीकर २ मीटरवर. फरक १६.६ मीटर, आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे ४८ मिलिसेकंद. पहिल्या जुळवणीत बरोबर ४८ चा विलंब ठेवला. दोन्ही आवाज एकदम पोचायला लागले आणि लहान स्पीकर जवळचा, त्यामुळे ठळक, म्हणून संवाद डोक्यावरून येतोय असे वाटू लागले. आधी पोचलेल्या आवाजाच्या दिशेनेच कान उगम ठरवतो. म्हणून विलंब ६० केला: मुख्य आवाज १२ मिलिसेकंद आधी पोचतो, दिशा मंचाची राहते, आणि लहान स्पीकर फक्त व्यंजने स्पष्ट करतो. खर्ज त्यांतून काढून टाकला. शब्दचाचणीत सतरावी रांग ४५ वर आली.

रांग ३ ते ५ मधला दुहेरी आवाज बाल्कनीच्या मागच्या गुळगुळीत भिंतीवरून परतत होता. चौथ्या रांगेत थेट आवाज आणि परतलेला आवाज यांच्या वाटेत सुमारे २५ मीटर फरक, म्हणजे ७३ मिलिसेकंद. बोलण्यात ५० च्या पुढे गेले की कान त्याला वेगळा आवाज मानतो. त्या भिंतीवर कापडात गुंडाळलेले ५० मिमी जाडीचे काचलोकरीचे फलक लावले आणि तक्रार थांबली.

टोकाच्या खुर्च्या आणि बैठक

दुसऱ्या रांगेच्या भिंतीकडच्या खुर्चीतून मंचाच्या ६ मीटर आत पाहिले तर चौकटीआड २.४ मीटर रुंदी जाते. दहाव्या रांगेच्या टोकाला हाच आकडा १ मीटर आहे. झाकली जाते ती आपल्याच बाजूची, पलीकडची नव्हे. तिकीट घेताना लोक नेमके उलटे धरतात. यावर बांधकामाचा इलाज नाही. पहिल्या तीन रांगांतल्या टोकाच्या दोन-दोन खुर्च्या, एकूण १२, सर्वांत शेवटी आणि ‘उजवीकडचा मागचा भाग दिसत नाही’ किंवा ‘डावीकडचा…’ असे स्पष्ट लिहून विकायचे ठरले.

बैठकीच्या तपासणीत एकच सूत्र पाळले: खुर्चीला गुण सव्वा तासाच्या पूर्ण अंकानंतर द्यायचे. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्याच खुर्च्या बऱ्या वाटतात. त्यातून बाल्कनीतल्या ८२ सेंमीच्या रांगा उंच माणसाच्या गुडघ्यांना पुरत नाहीत हे कळले, आणि अकराव्या रांगेत वातानुकूलनाचा झोत थेट मानेवर येतो हेही. झोताची दिशा बदलायला तासभर लागला.

व्हीलचेअरची जागा शेवटच्या रांगेच्या टोकाला, बाल्कनीखाली होती. पहिल्या आठ रांगांचा उतार १८ ला १ आहे, व्हीलचेअरला सहज चालणारा. म्हणून आठव्या रांगेत दोन्ही बाजूंच्या गटांतल्या पॅसेजलगतच्या दोन-दोन खुर्च्या काढून दोन जागा केल्या, सोबत्याची खुर्ची शेजारीच. एकूण संख्या ५३२ झाली.

निष्पन्न

नवा दरनकाशा खुर्चीच्या सर्वांत कमी गुणावर बेतला. रांग ९ ते १२ चा मधला गट पहिल्या वर्गात गेला, पुढच्या रांगांचे टोक तिसऱ्यात, बाल्कनीची दुसरी आणि तिसरी रांग दुसऱ्या वर्गात चढली. पुढच्या हंगामात मध्यंतरात जागा बदलून मागणारे फार कमी झाले. रांग ४ ते ८ मधून नृत्याच्या कार्यक्रमांना तक्रारी येत राहिल्या, आणि ते अपेक्षितच होते. अशा कार्यक्रमांना आता वेगळा दरनकाशा लावतात.

अठराव्या रांगेतून मंचाच्या चौकटीत ३.९ मीटरच्या वरचे काही दिसत नाही. दोन मजली नेपथ्यात २.७ मीटरच्या मजल्यावर उभ्या नटाचे डोके तिथून कापले जाते. येणाऱ्या नाट्यसंस्थांना आता एक पानी माहिती देतात, त्यात हा आकडा आणि ४० सेंमी चौथऱ्याची सूचना असते.

वेगळे काय करता आले असते

कठड्याची तपासणी शेवटी झाली, कारण नकाशात तो पाइप नव्हताच. नकाशा हातात घेऊन एक फेरी मारून ‘नंतर काय बसवले आहे’ याची यादी सुरुवातीलाच केली असती तर दुसऱ्या रांगेचे कोडे इतके दिवस पडले नसते.

शब्दचाचणीत वाचणारा सतत प्रेक्षकांकडे तोंड करून उभा होता. नट तसा उभा राहत नाही. नव्वद अंशांत वळून आणि पाठमोरे होऊन हीच यादी वाचायला हवी होती, कारण वळलेल्या तोंडातून आधी उंच स्वरच कमी होतात आणि कडेच्या खुर्च्यांना त्याचा फटका जास्त बसतो. ती चाचणी नंतर झाली आणि बाजूच्या गटांचे आवाजाचे गुण एकेकाने खाली आणावे लागले; तोवर नवा दरनकाशा छापून झाला होता.

चार निरीक्षकांत कमी ऐकू येणारे कोणी नव्हते. नाटकाला येणाऱ्यांत वयस्कांचा भाग मोठा असतो आणि वयाबरोबर आधी उंच स्वरच जातात. बाल्कनीखालच्या ज्या खुर्चीला तरुण कानाने ३ गुण दिले, तिला सत्तरीतल्या कानाने किती दिले असते हे पुढच्या तपासणीत पाहायचे आहे. त्यासाठी तीच ५० शब्दांची यादी आणि तीच ४६ खुर्च्यांची निवड जपून ठेवली आहे.